आल्या आल्या सगळं बदलून टाकतो म्हणा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीतून, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीतून, मॅनेजरच्या जागेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं ना? अभिनंदन. आता एक करा, आधी कारखाना बघायला मागू नका. बघितला की शंका येतात आणि शंका आल्या की भला माणूसही 'विचारावं लागेल', 'जरा समजून घ्यावं लागेल' असं पुटपुटायला लागतो. त्यापेक्षा कंपनीची वेबसाइट पाच मिनिटं वरखाली करा, गेटपासून कॅबिनपर्यंत जे जे दिसेल ते दोषांच्या यादीत टाका आणि खुर्चीत टेकल्याबरोबर जाहीर करा, की हे सगळं मी बदलणार.

समोर कोण बसलंय याची फिकीर करायची नाही. आज चालू असलेली पद्धत बहुतेक त्या साहेबांनीच बसवलेली असते आणि तिचे फॉर्म शेजारच्या एचआरच्या बेननी छापून घेतलेले असतात. तुम्ही 'ही सिस्टीम आउटडेटेड आहे' म्हणालात की साहेब किंचित हसतील. ते कौतुकच समजा.

उदाहरण हवं असेल तर मुलाखतीआधी ज्या बाकावर बसवतात तिथूनच मिळेल. समोर डिस्पॅचची खोली असते. टेबलावर एक लांबलचक रजिस्टर, कडा मळलेल्या, पाठीला खाकी टेप, सुतळीने बांधलेलं बॉलपेन. शेजारी कॉम्प्युटर चालूच. झालं तुमचं काम! 'आजच्या जमान्यात रजिस्टर? पहिल्याच आठवड्यात बंद करतो,' असं ठणकावून सांगा. फक्त ते उघडून बघू नका. बघितलंत तर शेवटच्या रकान्यात गाडी किती वाजता आली, का अडली, रात्री कोणाला फोन केला, ही सगळी नोंद सापडेल. सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी रकानाच ठेवलेला नाही. ट्रान्सपोर्टवाला थांबण्याचे पैसे मागत भांडायला आला, की कंपनी हीच वही पुढे करते. ती लिहिणारे दांडिया बाजारातले, म्हणजे बडोद्याच्या मराठी वस्तीतले, आपलेच कोणी काका निघतील. 'काका, हे कशाला लिहिता?' एवढं मराठीत विचारलंत तर ते चहा मागवून अर्धा कारखाना समजावून सांगतील, मागच्या मॅनेजरने काय उद्योग करून ठेवले त्यासकट. पण होऊ घातलेल्या साहेबाने कारकुनाला काही विचारणं बरं दिसतं का?

पाळ्यांवरही बोला. 'सोमवारपासून पहिली पाळी सातऐवजी सहाला,' हे वाक्य पॅनेलला फार तडफदार वाटतं. कामाच्या वेळा आणि पाळ्या अशा बदलायच्या तर कामगारांना 21 दिवस आधी नोटीस द्यावी लागते, हे जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ते सांगायला युनियनवाले आहेत की! पहाटेची कंपनीची बस किती वाजता निघते, हाही तपशीलच झाला.

मग आराखडा. 30, 60 आणि 90 दिवसांचा, रंगीत. काही जुन्या वळणाचे लोक पहिले तीस दिवस ऐकण्यात घालवतात, पुढच्या तिसांत एखादी छोटी गोष्ट करून बघतात आणि ती टिकली तरच पुढे सरकतात. तुम्ही तिसाव्या दिवशीच यशाचा आलेख वर चढवा. आलेख वर न्यायला माउस लागतो, माणसं लागत नाहीत. आपल्याकडे नव्याचे नऊ दिवस असतात, तुम्ही नव्वद मिळवताय, म्हणजे घासाघिशीत तुम्हीच जिंकलात.

या शहराचा इतिहास मात्र मुलाखतीत काढू नका, तो तुमच्याच अंगाशी येईल. 1875 साली बडोद्याच्या गादीसाठी दत्तक निवडायचा होता, म्हणून कवळाण्याहून मुलं आणली. कशासाठी आलास, असं विचारल्यावर 12 वर्षांचा गोपाळराव म्हणाला, राज्य करायला. निदान बडोद्यात तरी असं पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. बस्स. ना व्हिजन, ना आराखडा. आजच्या पॅनेलने 'कम्युनिकेशन सुधारा' असा शेरा मारून घरी पाठवला असता. पुढे तर आणखी आळस. सयाजीराव झालेल्या त्या मुलाने 1881 पर्यंत शिकण्यातच वेळ घालवला, तोवर कारभार दिवाण टी. माधवराव बघत होते. सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणायचं ठरलं तेव्हाही एका दमात फर्मान काढलं नाही. 1893 मध्ये अमरेली भागात करून पाहिलं आणि सगळ्या संस्थानाला लागू केलं 1906 मध्ये. मध्ये 13 वर्षं! तेवढ्यात तुमच्या चार नोकऱ्या बदलून होतील आणि प्रत्येक ठिकाणी क्रांती होईल ती वेगळीच.

पॅनेलमधलं एखादं खवट माणूस विचारेल, 'हे नवीन करायला माणसं कुठून आणाल? सध्याचं कोणतं काम थांबवाल?' गडबडू नका. 'सिनर्जी' म्हणा. पुन्हा विचारलं तर पुन्हा म्हणा, या खेपेला जरा हळू आवाजात.

शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणतील, तेव्हा मान हलवून नाही म्हणा. ही जागा रिकामी का झाली, आधीच्यांनी काय बदलायला घेतलं होतं आणि ते कुठे अडलं, खात्यातल्याच कोणी या जागेसाठी अर्ज केलाय का, असले चौकस प्रश्न दांडिया बाजारातल्या ओट्यावर ठीक. उगाच उत्तरं मिळाली तर तुमच्या स्लाइडवरची चार कलमं मागच्या साहेबांच्याही स्लाइडवर होती, असं कळायचं.

आणि उठताना प्रेझेंटेशनचा पेन ड्राइव्ह आठवणीने त्यांच्याकडे ठेवून या. निवड दुसऱ्याची झाली तरी तुमचा आराखडा तिथे राबवला जाईल. पगार तेवढा त्याच्या खात्यात जमा होईल.