पियानो न बनवता पियानोवाले कसे व्हावे

पियानोच्या धंद्यात उतरण्याचा आपला मानस असेल, तर लाकूड, लोकर आणि पोलादी तारा जमवण्याआधी एक नाव मिळवा. पियानो काय, कोणीही करून देतो. अमेरिकेचा इतिहास याला साक्ष आहे.

जोनास चिकरिंग यांचे अनुकरण चुकूनही करू नका. या गृहस्थांनी १८२३ साली बोस्टनमध्ये भागीदारीत कारखाना काढला आणि तारांच्या टनावारी ताणाखाली वाद्य वाकू नये म्हणून ग्रँड पियानोसाठी बिडाची एकसंध चौकट तयार करून १८४३ मध्ये तिचे पेटंट घेतले. नावाला वजन यावे म्हणून वीस वर्षांची ही उरस्फोड!

नाव खरे असण्याचाही आग्रह धरू नका. हाइनरिख श्टाइनवेग १८५० साली जर्मनीहून न्यूयॉर्कला आले आणि १८५३ मध्ये मुलांसह त्यांनी जी कंपनी काढली, तिला ‘स्टाइनवे’ हे इंग्रजी वळणाचे नाव दिले. जर्मनीत राहिलेल्या थोरल्या मुलाने १८६५ मध्ये तिकडचा कारखाना ग्रोट्रियान आदी मंडळींना विकला आणि तोही अमेरिकेला आला. मात्र वडिलांचे मूळ आडनाव त्या कारखान्याच्या पियानोंवर तसेच राहिले. पुढे प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७५ साली अमेरिकी न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, मूळ आडनावामुळे बदललेल्या आडनावाच्या ग्राहकांचा गोंधळ होतो. तेव्हा आडनाव मूळ नको, गाजलेले हवे.

तेही परवडत नसेल, तर न्यूयॉर्कच्या जोसेफ हेल यांना गुरू करा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ते तयार सुटे भाग विकत घेऊन स्वस्त पियानो जुळवत आणि व्यापारी सांगेल ते नाव त्यावर घालून देत. जागा नीट पाहून ठेवा: पट्ट्यांवरचे झाकण उघडले की वाजवणाऱ्याच्या नाकासमोर येणारी आतली बाजू. तिथे साचा धरायचा, सोनेरी रंग फिरवायचा, की घराणे तयार. (प्रस्तुत लेखकाला पियानोतला ‘सा’ सापडत नाही, पण पाटी तेवढी वाचता येते.)

१९०९ च्या सुमारास अमेरिकेत वर्षाला साडेतीन लाखांहून अधिक पियानो बनत होते. मग रेडिओ आला, मंदी आली, कारखाने एकमेकांत विलीन होत बंद पडले. नावे मात्र अमर राहिली. बाल्टिमोरचे ‘क्नाबे’ कोरियाच्या समिक कंपनीकडे गेले, सिनसिनाटीच्या ‘बाल्डविन’चे पियानो चीनमध्ये बनू लागले, आणि स्टाइनवेने ‘बोस्टन’ नावाचा पियानो काढला, तो बनवला जपानच्या कावाईने.

तेव्हा आपणही नाव घ्या आणि खाली स्थापनेचे साल ठळक अक्षरांत घाला. ‘आमची कोठेही शाखा नाही’ ही पाटी तेवढी लावू नका. मग मुख्य दुकान कोठे आहे, असे एखादा विचारायचा.