आधी फॉरमॅट, मग तपास? उलटा कारभार

ऑफिसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरतोय : सायबर हल्ल्याचा संशय आला की मशीन ताबडतोब बंद करा, फॉरमॅट मारा, बॅकअप टाका, बाहेर कुणाला सांगू नका, तासाभरात काम सुरू. वाचायला सुटसुटीत आहे. पाळला तर चोराचे ठसे आपणच पुसून टाकू.

‘मशीन बंद करा.’ नाही, आधी लॅनची वायर काढा, वायफाय तोडा. पसरणं त्यानेच थांबतं. वीज घालवली की रॅममधलं, म्हणजे मशीनच्या तात्पुरत्या स्मृतीतलं, सगळं जातं आणि कधी कधी नेमकं तिथेच घबाड असतं. मे 2017 मधल्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरचं (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रामचं) घ्या. फाइलींना लावलेल्या कुलपाची किल्ली ज्या मूळ संख्यांपासून बनली होती, त्या विंडोज एक्सपीच्या रॅममध्ये मागे राहत होत्या. आद्रियें गिने या फ्रेंच संशोधकाने त्या शोधणारं टूल लिहिलं. मशीन रीस्टार्ट झालेलं नसेल आणि नशीब बरं असेल, तर खंडणी न देता फाइली उघडायच्या. आता उलट बाजूही सांगतो. पुढच्याच महिन्यातला नॉटपेट्या हा दुसरा घातक प्रोग्राम, ज्याने न्हावा-शेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प केलं, तो मशीन रीस्टार्ट करून डिस्क तपासत असल्याचा खोटा स्क्रीन दाखवायचा. तिथे मात्र लगेच बटण दाबून बंद करणाऱ्याचा डेटा वाचण्याची शक्यता होती. नेटवर्क तोडणं शक्यच नसेल तेव्हाही बंद करणंच बरं. म्हणजे समोर काय आहे ते ओळखणं आलं, आणि फॉरवर्डमध्ये नेमकी तीच पायरी गायब आहे.

‘फॉरमॅट मारा.’ कुठलं मशीन? दिसलं तेवढंच? चोर व्हीपीएनच्या (बाहेरून ऑफिसच्या नेटवर्कात शिरण्याच्या वाटेच्या) पासवर्डने आत आला असेल, तर रिसेप्शनवरचा पीसी धुऊन त्याचं काही बिघडत नाही. सर्व्हरवर अपडेटचं नाव घेऊन बसलेला एखादा शेड्यूल्ड टास्क (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रात्री दोनला पुन्हा दार उघडतो. आधी डिस्कची इमेज (हुबेहूब प्रत) आणि लॉग (मशीनवर काय घडलं त्याच्या नोंदी) बाजूला काढा, शिरण्याची वाट शोधा, मग साफसफाई. पुण्याच्या कॉसमॉस बँकेत 11 ऑगस्ट 2018 ला एटीएममधून पैसे गेले. 13 तारखेला स्विफ्टमार्गे, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेतून, 13.92 कोटी हाँगकाँगला. पहिला फटका दिसला म्हणजे हल्ला संपला, असं धरून चालत नाही.

‘बॅकअप टाका.’ कुठल्या तारखेचा? घुसखोर महिनाभर आधीपासून आत असेल तर बॅकअपमधून तोच परत येतो. शिवाय ‘तासाभरात’ हे कुणी ठरवलं? नोव्हेंबर 2022 मध्ये दिल्लीच्या एम्सचे पाच सर्व्हर अडकले. ई-हॉस्पिटल या रुग्णनोंदींच्या प्रणालीचा डेटा न बाधलेल्या बॅकअप सर्व्हरवरून मिळाला, तरी जवळपास दोन आठवडे कारभार कागदावर चालला.

‘कुणाला सांगू नका’ हा तर सरळ कायदा मोडण्याचा सल्ला. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारखी घटना लक्षात आल्यापासून 6 तासांत त्यांना कळवावी लागते, आणि लॉग 180 दिवस जपावे लागतात. छोट्या कंपन्यांना सुरुवातीला मुदतवाढ होती, ती केव्हाच संपली. खात्यातून पैसे गेले असतील तर 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन आधी, बाकीचं नंतर. रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता आली तर येते.

हे फोन कुणी करायचे, सर्व्हर तोडायचा हुकूम कुणाचा, हे आधीच ठरवून कागदावर छापून ठेवा. मेल आणि चॅट त्या दिवशी चोरही वाचत असू शकतो.