बस फाटकापर्यंत गेली

तात्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल पॅसिफिक या ख्रिस्ती विद्यापीठाचा २०२२चा पदवीदान समारंभ. मुलं स्टेजवर येतात आणि हंगामी अध्यक्षांशी हात मिळवायच्या ऐवजी त्यांच्या हातात समलिंगी हक्कांचा इंद्रधनुषी झेंडा ठेवतात.

"हा म्हणे निषेध! पदवी घ्यायची आणि वर अपमान करायचा!"

"झेंडा दिला, दगड नाही मारला," जयू म्हणाली. "समलिंगी जोडीदार असेल तर कायमची नोकरी नाही, हा नियम संचालकांनी तसाच ठेवला. मुलं ऑफिसबाहेर ठिय्या देऊन बसली होती. ते या व्हिडिओत आहे का?"

"ख्रिस्ती कॉलेज आहे, त्यांचे नियम. पटत नाही तर दुसरीकडे जा!"

"मलाही हेच म्हणाले होते," बंड्या उसळला. "मंडळ सोड म्हणे! तात्या, २०११च्या गणपतीचा हिशोब कुठाय?"

"विषय काय, हा बोलतोय काय!"

जयूने दोघांना गप्प केलं. "अठराव्या वर्षी पोरगं आईबाप घालतील त्या कॉलेजात जातं. आपण कोण आहोत हे त्याला तिथे हॉस्टेलवर कळलं, तर? बोललं तर कॉलेजातून काढणार, घरी कळलं तर घरही गेलं. सांगा, दुसरीकडे म्हणजे कुठे?"

तात्यांनी चहाचा घोट घेतला. बंड्याच्या पैशांचा.

"त्या पोरांसाठीच," जयू पुढे म्हणाली, "२००६ साली सोलफोर्स या समलिंगी हक्कांच्या संघटनेची तरुण मंडळी बस घेऊन अशा ख्रिस्ती कॉलेजांकडे निघाली. १९६१ साली काळ्या-गोऱ्यांनी वर्णभेदाविरुद्ध एकत्र बसने काढलेल्या फ्रीडम राइडसारखी. लिबर्टी विद्यापीठात आत पाऊल टाकलं की अटक. व्हीटन कॉलेजने आत घेतलं, समोरासमोर बोलणं झालं. आणि सोलफोर्स काढणाऱ्यांतला मेल व्हाइट कोण? लिबर्टी काढणाऱ्या जेरी फॉलवेल या धर्मगुरूचं आत्मचरित्र ज्याने पडद्याआडून लिहून दिलं, तो! घरचाच माणूस दार वाजवत होता."

"पण धर्मग्रंथात लिहिलेलं बदलतं का?"

"बॉब जोन्स विद्यापीठात काळ्या-गोऱ्या मुलामुलींनी एकत्र फिरायला बंदी होती, तीही बायबलच्याच आधाराने. २००० साली उठवली. बायबल तेच आहे, तात्या."

मला मात्र सारखा दिसत होता तो हॉस्टेलच्या खिडकीतला मुलगा. फाटकाबाहेर बस उभी आहे, पोलीस पोरांना नेताहेत, आणि आपल्यासाठी कुणीतरी एवढ्या लांबून आलंय हे त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळतंय. यासाठी अटक झाली तरी चालेल. मला ती पोरं फार मोठी वाटतात.

"तरी माझं म्हणणं," तात्या मांडी बदलत म्हणाले, "मालकाची जागा, मालकाचा नियम."

जयूने भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. 'येथे बसू नये. आज्ञेवरून.'

"पाटी लागली तेव्हा तुम्ही दुसऱ्या कट्ट्यावर गेलात?"

"छे! मी चार वेळा सेक्रेटरीच्या घरी जाऊन बसलो. समजावलं त्याला. शेवटी बसा म्हणाला."

"चार वेळा?"

"पाच. एकदा वॉचमनने फाटकातूनच हाकललं होतं."

बंड्याच्या नाकातून चहा आला. तात्या आधी चिडले, मग तेही हसत सुटले. हिशोब राहिलाच.