गरम वर्टमध्ये हायड्रोमीटर बुडवायला सांगणारा तो मेसेज पुढे पाठवू नका

माझा भाचा मँचेस्टरला असतो. तिथे स्वतःला पिण्यापुरती बिअर घरी बनवायला परवाना लागत नाही, म्हणून वर्षभरापासून तो किचनमध्ये हा उद्योग करतोय. (महाराष्ट्रात विनापरवाना हे बेकायदेशीर आहे, हे आधीच स्पष्ट सांगतो.) मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीत नऊ वर्षं काम करतोय, त्यामुळे काही अडलं की त्याचा व्हिडिओ कॉल मला येतो. या वेळी मात्र मला न विचारता त्याने एक फॉरवर्ड वाचून सगळं केलं, आणि त्यातून जे झालं ते ऐकून माझं डोकं फिरलं.

"ओजी कमी येते? मास्टर ब्रुअरची ६ सिक्रेट्स" असा तो मराठी मेसेज बाहेरदेशी राहणाऱ्या आपल्या मुलांच्या ग्रुपांवर फिरतोय, मला स्वतःला तो तीन जणांकडून आला. ओजी म्हणजे यीस्ट टाकायच्या आधी वर्टची, म्हणजे माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या) गोड पाण्याची, पाण्याच्या तुलनेत घनता. साध्या पाण्याची १.०००, आणि नेहमीच्या पाच टक्केवाल्या बिअरसाठी १.०४८ च्या आसपास लागते. मेसेजमधलं पहिलं सिक्रेट असं की हायड्रोमीटरचं (घनता दाखवणाऱ्या तरंगत्या काचेच्या नळीचं) रीडिंग वर्ट गरम असतानाच घ्या, कारण थंड झालं की साखर तळाशी बसते आणि रीडिंग चुकतं. दुसरं, रीडिंग कमी आलं तर जितकी कमी तितकी साखर टाकून मोकळे व्हा.

अहो, विरघळलेली साखर तळाशी बसत नाही. कपात राहून गार झालेल्या चहाचा वरचा घोट अळणी आणि खालचा पाक, असं कधी झालंय का? हायड्रोमीटर काचेवर लिहिलेल्या तापमानालाच बरोबर दाखवतो, बहुतेकांवर २० अंश लिहिलेलं असतं. पाणी गरम झालं की फुगतं, हलकं होतं, नळी जास्त खोल बुडते आणि आकडा कमी दिसतो. सीआरसी हँडबुक या शास्त्रीय आकड्यांच्या पुस्तकात पाण्याच्या घनतेचा तक्ता आहे, तो कोणीही उघडून बघावा: २० अंशाला एक लिटर पाणी ९९८ ग्रॅम, ७० अंशाला तेच एक लिटर ९७८ ग्रॅम. वीस ग्रॅमचा फरक, म्हणजे हायड्रोमीटरवर वीस पॉइंट (एक पॉइंट म्हणजे ०.००१, म्हणून १.०४८ ला नुसतं अठ्ठेचाळीस म्हणतात). साखर तेवढीच असते, फक्त आकडा पडतो. तक्ता नको असेल तर गिझरच्या कडकडीत पाण्यात हायड्रोमीटर सोडून बघा, साधं पाणीसुद्धा १.००० च्या खाली जाईल.

आता भाच्याने काय केलं बघा. पाच किलो माल्ट, २३ लिटर वर्ट, टार्गेट १.०४८. मेसेजप्रमाणे वाफाळतं सॅम्पल जारमध्ये ओतलं, रीडिंग आलं १.०२८. घाबरला. वीस पॉइंट भरून काढायला त्याने सव्वा किलोच्या आसपास साखर टाकली, टार्गेट गाठलं म्हणून खूश झाला आणि महिन्याभराने बाटल्या भरून प्रत्येकीवर मार्करने "५%" लिहिलं. मुळात त्याचं वर्ट १.०४८ होतंच, साखरेने ते १.०६८ झालं. साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण खाऊन टाकतं, म्हणजे ती बिअर पाच नाही, आठ टक्क्यांच्या आसपास. मित्र आले, पाचच्या हिशोबाने तीन-तीन ग्लास प्याले, आणि त्यातला एक सायकलवरून घरी जाताना पडला, मनगट मोडलं. त्या मेसेजमधला हा मुद्दा नुसता चुकीचा नाही, धोकादायक आहे, म्हणून मी एवढं लिहितोय.

हे सगळं कळलं ते मागच्या रविवारी, त्याच रेसिपीचा दुसरा बॅच चालू असताना. म्हणाला, "मामा, परत अठ्ठावीसच आलंय, माल्टच खराब आहे बहुतेक." मी म्हटलं साखरेच्या पिशवीला हात लावू नकोस, सॅम्पल स्टीलच्या ग्लासात घे, वर ताटली ठेव म्हणजे वाफ उडून घट्ट होणार नाही, आणि सिंकमध्ये बर्फाच्या पाण्यात ठेव. वीस मिनिटं दोघं गप्पा मारत बसलो. मग त्याने जार कॅमेऱ्यासमोर धरला, हायड्रोमीटर बोटाने गोल फिरवून बुडबुडे झाडले, डोळा पातळीला आणून वाचलं. अठ्ठेचाळीस. बराच वेळ तो काही बोललाच नाही.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. वरून साधं पाणी ओतून व्हॉल्यूम वाढवलं आणि ढवळलं नाही, तर जड वर्ट खाली आणि पाणी वर असे थर खरंच राहतात, आणि वरून घेतलेलं सॅम्पल कमी दाखवतं. मेसेज लिहिणाऱ्याने बहुधा हेच कुठेतरी अर्धवट ऐकलं असावं. पण त्यावर उपाय दोन मिनिटं दणकून ढवळणं हा आहे.

तिसरं सिक्रेट, मॅशचं, म्हणजे दळलेलं माल्ट भिजत ठेवायचं, पाणी ८० अंशाच्या वर ठेवा, साखर जास्त सुटते. माल्टमध्ये तयार साखर फारशी नसते, स्टार्च असतो, आणि त्याची साखर एन्झाइम करतात, साधारण ६३ ते ६८ अंशाला. ८० ला ते काही मिनिटांत मरतात आणि तुमच्या हातात कपड्यांना घालायची खळ येते. शंका असेल तर मॅशचा एक थेंब पांढऱ्या बशीत घेऊन त्यावर टिंक्चर आयोडिन टाका, काळानिळा झाला तर स्टार्च तसाच आहे. शेवटी धान्य धुवायचं पाणी, ज्याला स्पार्ज म्हणतात, ते ७५-७६ ला चालतं, एवढंच यात खरं.

चौथं, माल्ट पिठासारखं दळा. यातही अर्धं खरं आहे, आणि खरी एफिशियन्सी, म्हणजे माल्टमधून निघू शकणाऱ्या साखरेपैकी प्रत्यक्ष निघालेला वाटा, खरंच कमी येत असेल तर मी सगळ्यात आधी इथेच बघतो. आमच्याकडे रोज सकाळी मिलमधून पडलेलं मूठभर माल्ट तळहातावर पसरून बघतात: दाणा आतून फुटलेला हवा, टरफल शक्यतो अखंड हवं, आणि अख्खा दाणा एखादाच दिसला तर ठीक. अख्खे दाणे जास्त असतील तर पाणी आत पोचतच नाही. रोलरमधलं अंतर एक मिलिमीटरच्या आसपास ठेवून सुरुवात करा. पण पीठ केलं तर टरफलाची गाळणी राहत नाही आणि सगळा लगदा होऊन गच्च बसतो. कापडी पिशवीत मॅश करणाऱ्यांना जरा बारीक चालतं, बाकीच्यांनी गिरणीची वाट धरू नये.

पाचवं, जास्त उकळा म्हणजे साखर वाढते. वाढत नाही, पाणी उडतं. घनतेचे पॉइंट गुणिले लिटर हा गुणाकार उकळण्याआधी आणि नंतर तोच राहतो. २३ लिटरला ४८ म्हणजे ११०४, तेच वर्ट २६ लिटर राहिलं तर ४२ च दिसणार, आणि तुम्ही एफिशियन्सी गेली म्हणून रडणार. ज्यांची ओजी चुकते त्यातल्या निम्म्यांनी पातेल्यात लिटरच्या खुणाच केलेल्या नसतात. उकळतं वर्ट मोजलं तर तेही सुमारे चार टक्के फुगलेलं असतं, हे धरा.

पाण्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही. बोअरच्या जड पाण्याने, ज्याने आपल्याकडे गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, मॅशचा पीएच वर राहतो आणि साखर कमी सुटू शकते. ५.२ ते ५.६ मध्ये आणा, लॅक्टिक ॲसिडचे काही मिलिलिटर पुरतात.

सहावं, ८० टक्क्यांखाली एफिशियन्सी म्हणजे बॅच फेकून द्या. भाच्याच्या पाच किलो माल्टमधून जास्तीत जास्त १५०० पॉइंट-लिटर निघाले असते, त्याला ११०४ मिळाले, म्हणजे ७४ टक्के. घरच्या भांड्यांत ही चांगली एफिशियन्सी आहे. कमी आली तर माल्ट थोडं जास्त लागतं, चव बिघडत नाही. उलट शेवटचा थेंब काढायला धान्य धूतच राहिलात आणि खाली येणारं पाणी १.०१० च्या खाली गेलं, तर टरफलाचा तुरटपणा उतरायला लागतो.

पहिल्या बॅचच्या अकरा बाटल्या अजून त्याच्या फ्रिजमध्ये आहेत. फोन ठेवायच्या आधी प्रत्येकीवरचा पाच खोडून आठ लिहायला लावलं, आणि फोटो मागवून घेतला.