माळ्यावर नाणी सापडली? अभिनंदन, शेठ!

दिवाळीच्या साफसफाईत आजीची चंची सापडली आणि तिच्यातून मूठभर नाणी निघाली, तर सर्वांत आधी ती घासा. चिंच-मीठ घरात असतंच. शंभर वर्षांत तांब्यावर चढलेला काळा थर पाच मिनिटांत उतरतो. त्याबरोबर अक्षरंही उतरतात आणि संग्राहकानं दिली असती ती किंमतही, पण नाणं कसं लख्ख दिसतं!

चारमिनारचं नाणं तर सोलापुरात निघणारच. निजामाची हद्द इथून नळदुर्गाइतकी जवळ; तिकडचा माणूस बाजाराला आला की हाली शिक्का, म्हणजे निजामाचं चारमिनार छापाचं नाणं, घेऊनच यायचा. पण इतकं साधं कारण चारचौघांत सांगायचं नसतं. त्यावरचे उर्दू आकडे कुणाकडून तरी वाचून घ्या. १३३० निघालं की थेट इसवी सन धरा आणि महंमद तुघलकाचं नाणं म्हणून जाहीर करा. ‘अहो, ते हिजरी साल, म्हणजे १९१२,’ असं शेजारच्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं, तर ते जळतात असं समजा. चारमिनार बांधला १५९१ मध्ये, मग तुघलकाला तो आधीच कसा दिसला, हेही ते विचारतील. तुघलकच तो, त्याला काय अशक्य?

रामदरबाराचं, मागे ‘ईस्ट इंडिया कंपनी १८१८’ लिहिलेलं नाणं मात्र थेट देव्हाऱ्यात ठेवा. त्या साली कंपनी पेशवाई बुडवण्यात आणि आपला भुईकोट किल्ला घेण्यात गुंतली होती. तरी वेळात वेळ काढून तिनं रामसीता पाडले, ही केवढी भक्ती! ते चलनी नाणंच नव्हे, जत्रेत मिळणारा पितळी ठोकळा आहे, हे मामांना कळू देऊ नका. त्यांनी ते तांदळाच्या डब्यात ठेवलंय. तांदूळ ओढतं म्हणे. (अजून एक दाणाही हललेला नाही. मामा म्हणतात, “अमावास्या येऊ दे की बे.”)

मग फोन येईल. पलीकडचा गोड माणूस पंचवीस लाख देईल. आधी फक्त कमिशन भरायचं, नंतर कर. रिझर्व्ह बँकेच्या नावानं असे पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं त्याच बँकेनं २०२१ मध्ये सांगितलंय. पण बँकेला काय कळतं नाण्यांतलं?

चंचीच्या तळाशी एक पितळी चकती उरेल. राजा नाही, साल नाही. नुसता नंबर आणि वर भोक. तो गिरणीतला हजेरीचा बिल्ला. भोंगा झाला की आजोबा तो घेऊन पाळीला पळायचे. अशा नंबरांवर हे गाव उभं राहिलं, १८७७ च्या जुन्या गिरणीपासून. त्याच्यासाठी कुणाचाही फोन येणार नाही. भोक आयतंच आहे, स्कूटरच्या किल्लीला अडकवा.