व्याख्येचे कलम आधी वाचा

नागरी स्वातंत्र्याचा विषय निघाला की आपल्याकडची चर्चा बहुधा यूएपीए (केंद्राचा बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा), राजद्रोह आणि सर्वोच्च न्यायालय यांच्याभोवतीच फिरते. त्या चर्चेचे महत्त्व मी कमी लेखत नाही. परंतु मोर्चा काढता येईल का, पत्रक वाटता येईल का, किंबहुना स्वतःच्या जिल्ह्यात राहता येईल का, हे प्रश्न ज्या कायद्यांवर ठरतात, त्यांतले कितीतरी कायदे राज्याच्या विधिमंडळाने केलेले असतात आणि ते पोलीस आयुक्तांच्या किंवा प्रांताधिकाऱ्यांच्या सहीने राबवले जातात. हक्कांसाठी काम करणाऱ्यांनी आपली अधिक शक्ती या पातळीवर, आणि तीही विधेयक मंजूर होण्यापूर्वी, खर्च करावी, असे माझे मत आहे.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, 1951 चे कलम 37 पाहा. सणासुदीच्या किंवा निवडणुकीच्या तोंडावर निघणाऱ्या मनाई आदेशाची बातमी दोन ओळींत संपते. मूळ आदेश फारसे कोणी वाचत नाही. तो अवश्य वाचावा. शस्त्रे, सोटे, दगड आणि स्फोटके बाळगू नयेत, इथवर कोणाचीच तक्रार नसावी. मात्र त्याच यादीत पुढे प्रतीकात्मक पुतळ्यांचे प्रदर्शन, जाहीर घोषणा, गाणी, वाद्ये, आवेशपूर्ण भाषणे, हावभाव आणि नकलाही येतात. (नकलांना भिणारे सरकार हा खरे तर विनोदाचा विषय आहे, पण तो पुन्हा कधी.) पोटकलम 3 खाली सभा आणि मिरवणुकांवर बंदी घालता येते, पण राज्य शासनाच्या मंजुरीवाचून ती 15 दिवसांपलीकडे चालू ठेवता येत नाही. अपवाद हा अपवादच राहावा म्हणून घातलेली ही मर्यादा. प्रत्यक्षात मुदत संपत आली की तारखा बदलून तसाच आदेश पुन्हा निघतो. जम्मू-काश्मीरमधील निर्बंधांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्ये सांगितले होते की, तेव्हाच्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 144 खालील जमावबंदीचे आदेश पुन्हा पुन्हा काढत राहणे हा अधिकाराचा गैरवापर ठरतो. हेच तत्त्व कलम 37 ला लावण्याचा आग्रह आपल्याकडे जितका धरला जायला हवा तितका धरला जात नाही. याच अधिनियमाच्या कलम 56 खालील तडीपारीबद्दलही, जालन्याच्या एका प्रकरणात 2022 साली, हा असाधारण उपाय असून तो जपून वापरावा, असे त्याच न्यायालयाला बजावावे लागले.

आता नक्षलवादी संघटनांना आवर घालण्यासाठी म्हणून आणलेल्या महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयकाकडे वळतो. ते जुलै 2024 मध्ये मांडले गेले, बारगळले, डिसेंबरात नागपूर अधिवेशनात पुन्हा आले, संयुक्त समितीकडे गेले आणि जुलै 2025 मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केले. समितीकडे 12 हजारांहून अधिक सूचना आल्या. त्यातून झालेल्या दुरुस्त्यांमध्ये उद्देशिकेत कडव्या डाव्या विचारसरणीच्या संघटनांचा उल्लेख आला, संघटनेवरील बंदी योग्य आहे का हे तपासणाऱ्या सल्लागार मंडळाची रचना बदलली आणि तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. या सुधारणा निरर्थक नाहीत. परंतु ‘बेकायदेशीर कृत्य’ म्हणजे काय, हे सांगणारी व्याख्या मूळ स्वरूपात जवळपास तशीच राहिली, आणि विधेयकाचा खरा जोर तिच्यातच आहे. सार्वजनिक सुव्यवस्था व शांततेला धोका निर्माण करणे, कायद्याच्या अंमलबजावणीत किंवा प्रस्थापित संस्थांच्या कामात हस्तक्षेप करणे, इतकेच नव्हे तर प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे, आणि हे सारे कृतीने, बोलून, लिहून किंवा खुणेने केले तरी, त्या व्याख्येत बसते. हिंसेची अट या प्रत्येक उपखंडाला जोडलेली नाही. मिठाचा कायदा मोडा असे सांगणाऱ्या पत्रकालाही ही व्याख्या सहज लागू पडली असती.

त्यावर शिक्षा काय, तर बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचे नुसते सदस्य असणे यासाठी तीन वर्षांपर्यंत आणि बेकायदेशीर कृत्यासाठी सात वर्षांपर्यंत कैद. गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र. संघटना बेकायदेशीर आहे असे ठरवणार शासन, आणि सार्वजनिक हिताविरुद्ध वाटतील ती तथ्ये उघड न करण्याची मुभाही शासनालाच.

छत्तीसगड, तेलंगणा, आंध्र प्रदेश आणि ओडिशा या राज्यांत असे कायदे असून तिथे 48 संघटनांवर बंदी घातली गेली आहे, असे सरकारचे म्हणणे होते. माओवादी हिंसाचाराची झळ सोसलेल्या गडचिरोलीचे दुःख मला ठाऊक आहे आणि तो प्रश्न खोटा आहे असे कोणी म्हणू नये. पण छत्तीसगडचाच अनुभव पाहायचा तर तिथे काम करणारे डॉक्टर आणि मानवी हक्क कार्यकर्ते बिनायक सेन यांचे प्रकरणही पाहावे लागेल. मे 2007 मध्ये तिथल्या जनसुरक्षा कायद्याखालीही त्यांना अटक झाली आणि जामिनासाठी सर्वोच्च न्यायालयात पोहोचेपर्यंत दोन वर्षे उलटली.

न्यायालय पाहून घेईल, हा युक्तिवाद म्हणूनच मला पुरेसा वाटत नाही. 2015 साली लागू झालेल्या गोवंश हत्याबंदीच्या दुरुस्तीतील कलम 5ड, म्हणजे राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस नुसते बाळगणे हाही गुन्हा ठरवणारी तरतूद, मुंबई उच्च न्यायालयाने मे 2016 मध्ये रद्द केली, हे खरे. डान्सबार बंदीचा प्रवास मात्र याहून बोलका आहे. 2005 मध्ये बंदी, 2006 मध्ये उच्च न्यायालयाकडून ती रद्द, 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे त्यावर शिक्कामोर्तब, 2014 मध्ये विधिमंडळाची नवी बंदी, 2016 मध्ये स्वतंत्र कायदा, आणि 2019 मध्ये त्यातील अनेक अटी पुन्हा रद्दबातल. ज्या बायकांची रोजीरोटी त्यात गेली, त्यांना या तारखांचा उपयोग काय झाला असेल?

शहराचा विकास आराखडा करताना एखाद्या भूखंडावर आरक्षण टाकायचे असेल, तर हरकती व सूचना मागवाव्याच लागतात. अनेक कायद्यांखालील नियमांचा मसुदाही आधी प्रसिद्ध करावा लागतो. ज्या विधेयकाने माणूस सात वर्षे तुरुंगात जाऊ शकतो, ते विधिमंडळात मांडण्यापूर्वी लोकांपुढे ठेवण्याचे बंधन मात्र राज्य सरकारवर नाही. मसुदा किमान 30 दिवस लोकांसमोर ठेवावा, असे केंद्राचे 2014 चे धोरण सांगते. ते केंद्रीय मंत्रालयांसाठी आहे आणि तिथेही सर्रास टाळले जाते. जनसुरक्षा विधेयक समितीकडे गेले ते दडपणामुळे, नियमामुळे नव्हे. विधानसभेत शेवटी डहाणूचे माकपचे आमदार विनोद निकोले तेवढे ठाम विरोधात उभे राहिले. बाहेर इतकी ओरड असताना आत एकच आमदार, याचा एक अर्थ असाही होतो की, संघटनांनी सभा भरपूर घेतल्या, पण आमदारांच्या हाती कलमवार टिपणे पुरेशी पोहोचली नाहीत.

तेव्हा माझी मागणी विधिमंडळाच्या कामकाजाच्या नियमांपुरती आहे. नवा गुन्हा निर्माण करणारे प्रत्येक विधेयक मांडण्यापूर्वी 30 दिवस मराठीत प्रसिद्ध व्हावे, आलेली प्रत्येक सूचना का स्वीकारली अथवा का नाकारली याची कारणे सभागृहाच्या पटलावर ठेवली जावीत, आणि अशा विधेयकावर आवाजी मतदान न घेता नावानिशी मत नोंदवले जावे.