आधी संस्था, मग व्याख्यान

एखादे व्याख्यान ऐकण्याआधीच ते कोणत्या संस्थेतून आले आहे हे पाहिले जाते, याचा मला आता मनापासून संताप येतो. २०१२ मध्ये हार्वर्ड आणि एमआयटी यांनी एडेक्स हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू केले तेव्हा जगभर त्याची चर्चा झाली. पण कोल्हापुरातली एखादी प्राध्यापिका घरचे सगळे आवरल्यावर मोबाइलवर मराठीतून कलनशास्त्र शिकवते, चंदगड-आजऱ्याकडून आलेली मुले नेमकी कुठे अडखळतात हे ओळखून तिथे थांबते, तेव्हा तिच्याच विभागातले सहकारी मुलांना आयआयटीच्या व्याख्यानांचा दुवा पाठवतात. ती व्याख्याने उत्तमच आहेत, त्यांच्याशी माझे भांडण नाही. सारख्याच कामाचे श्रेय आधीच नावाजलेल्या शास्त्रज्ञाकडे अधिक जाते, हे समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये मांडले होते. तरीही आपल्या चर्चासत्रांत बीजभाषणाला माणूस पुण्या-मुंबईचाच लागतो, आणि इथल्या शिक्षकाने आधीच मांडलेल्या कल्पनेची दखल पाहुण्याने ती उच्चारल्यावरच घेतली जाते. ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, तिथल्या आयोजकांनी तरी वक्ता ठरवण्यापूर्वी आपल्या माणसांची व्याख्याने शेवटपर्यंत ऐकावीत.